डोमेन नावाची मुदतसमाप्ती

डोमेन नावाची मुदतसमाप्ती म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी वेळेत नूतनीकृत न झाल्यामुळे त्या नावावरील नोंदणीधारकाचा हक्क संपुष्टात येणे. व्यावसायिक संकेतस्थळे बंद पडण्याच्या कारणांमध्ये हे कारण सर्वांत साधे आणि टाळण्यास सर्वांत सोपे आहे. तरीही मोठमोठ्या कंपन्यांनाही त्याचा फटका बसलेला आहे.

डोमेन नाव विकत घेतले असे बोलण्यात म्हटले जाते. ते अचूक नाही. नाव ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते, व्यवहाराच्या दृष्टीने ते भाडेपट्ट्यासारखे असते. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण नावांची नोंदणी एका वेळी कमीत कमी १ व जास्तीत जास्त १० वर्षांसाठी करता येते. होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळाच्या धारिका ठेवण्यासाठी घेतलेली सर्व्हरवरील जागा, ही निराळी सेवा आहे. दोन्हींचे शुल्क वेगळे आणि पुष्कळदा तारखाही वेगळ्या असतात. होस्टिंगचे पैसे भरले म्हणजे नावाचेही भरले गेले, हा गैरसमज अनेक मुदतसमाप्तींच्या मुळाशी असतो.

== मुदत संपल्यानंतरचे टप्पे ==
सर्वसाधारण नावांचे नियम आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. तिच्या नियमांनुसार नोंदणी करून देणाऱ्या कंपनीने मुदतीच्या सुमारे एक महिना व एक आठवडा आधी, तसेच मुदत संपल्यावर ५ दिवसांच्या आत सूचना पाठवणे बंधनकारक आहे. मुदत संपल्यावर बहुतेक कंपन्या काही दिवस नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण करू देतात. ही सवलत कंपनीगणिक कमीअधिक असते. नाव रद्द झाल्यावर ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ सुरू होतो. या काळात मूळ धारकालाच नाव परत मिळू शकते, मात्र त्यासाठी बरेच जादा शुल्क पडते. त्यानंतर ५ दिवसांनी नाव सर्वांसाठी खुले होते. व्यवहारात मात्र लोकप्रिय नावे या टप्प्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. अनेक कंपन्या मुदत संपलेल्या नावांचा आधीच लिलाव करतात. त्यामुळे वरील दिवसांच्या हिशेबावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

== परिणाम ==
संकेतस्थळ दिसेनासे होणे हा परिणाम लगेच लक्षात येतो. त्या नावावर चालणारे ईमेलही बंद पडते, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येते. नोंदणीत संपर्कासाठी त्याच नावावरील ईमेल पत्ता दिलेला असेल, तर मुदत संपल्यावर पाठवलेली सूचना धारकापर्यंत पोहोचतच नाही; कुलूपबंद घराची किल्ली घरातच राहावी तसा हा प्रकार आहे. नाव दुसऱ्याच्या हाती गेल्यास जुन्या पत्त्यांवर येणारी पत्रे नव्या धारकाला मिळू शकतात. त्यांत बँक व इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवेही असू शकतात.

== गाजलेल्या घटना ==
डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे शुल्क भरले नव्हते. हॉटमेलची प्रवेशव्यवस्था या नावावर अवलंबून असल्याने अनेकांना आपले ईमेल उघडता येईना. अखेर कंपनीशी संबंध नसलेल्या एका संगणक प्रणालीकाराने नाताळच्या सुमारास स्वतःचे ३५ डॉलर भरून ते नाव चालू केले.

त्याहून गंभीर घटना जून २०१६ मधील आहे. अमेरिकेतील सोरेन्सन कम्युनिकेशन्स ही कंपनी कर्णबधिरांना खुणांच्या भाषेतून दूरध्वनी करता यावा यासाठी दुभाष्यांची सेवा पुरवते. तिच्या एका डोमेन नावाची मुदत संपली आणि सेवा खंडित झाली. त्यामुळे ९११ या आपत्कालीन क्रमांकाशी संपर्क साधण्याचा मार्गही अनेकांसाठी बंद झाला. पुढे २०१७ मध्ये तेथील दळणवळण आयोगाबरोबर झालेल्या तडजोडीनुसार कंपनीला सुमारे ३० लाख डॉलर द्यावे लागले. मूळ नूतनीकरणाचे शुल्क त्या मानाने नगण्यच होते.

== नोंदणी कोणाच्या नावावर ==
लहान व्यवसायांत संकेतस्थळ बनवून देणारी व्यक्तीच पुष्कळदा नाव नोंदवते आणि सोयीसाठी स्वतःचे नाव व ईमेल पत्ता देते. पुढे ती व्यक्ती व्यवसाय बदलते, किंवा पैशांवरून मतभेद होतो. अशा वेळी दुकानाच्या पाटीवर, पावतीपुस्तकावर व पिशव्यांवर छापलेले नाव नोंदीनुसार दुकानदाराचे नसते. म्हणून धारक म्हणून व्यवसायाचे नाव, संपर्कासाठी वेगळ्या सेवेवरील ईमेल पत्ता आणि खात्याचा पासवर्ड मालकाकडे असणे आवश्यक मानले जाते. आपोआप नूतनीकरणाची सोय उपयुक्त असली, तरी तिला जोडलेल्या कार्डाची मुदत संपली की ती निरुपयोगी होते. नूतनीकरणाच्या नावाखाली बनावट देयके पाठवण्याचे प्रकारही होतात. आपली नोंदणी कोणत्या कंपनीकडे आहे हे ठाऊक नसलेला धारक त्यांना सहज बळी पडतो.

== भारतातील स्थिती ==
डॉट इन या नावांची व्यवस्था निक्सी ही संस्था पाहते. देवनागरीतील डॉट भारत हे नाव २०१४ पासून उपलब्ध असून मराठीतूनही त्याची नोंदणी करता येते. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली डोमेन नावाला व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला. त्यामुळे दुसऱ्याने घेतलेल्या नावाविरुद्ध दाद मागता येते. तथापि स्वतःच्या दुर्लक्षामुळे गेलेले सर्वसामान्य शब्दांचे नाव या मार्गाने परत मिळवणे अवघड असते.