पावसाची आम्लता आणि सागर

वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम. त्या जिल्ह्यांत पैनगंगेला मिळालेलें पावसाचें पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास पोंचतें.

कोळशाच्या धुरांतील गंधकामुळें पाऊस आम्ल होतो, हें रॉबर्ट अँगस स्मिथ यांनीं मँचेस्टर येथें १८५२ सालीं दाखविलें. भारतांत पुष्कळ ठिकाणीं मातीची चुनखडीयुक्त धूळ ही आम्लता शमविते. परंतु त्याच धुरांतील कार्बन डायॉक्साइड ती अडवूं शकत नाहीं. तो सागरांत विरघळतो. औद्योगिक क्रांतीपासून सागराच्या पृष्ठजलाची आम्लता सुमारें ३० टक्क्यांनीं वाढली असून शिंपल्यांना कवच घडविणें कठीण होत चाललें आहे.

पाऊस निर्मळ राहिला तरी, वाशीमचें पाणी ज्या सागरास मिळतें तो धुराचें ऋण फेडीतच आहे.