‘सिमिली’ म्हणजे उपमा, पण ‘मेटाफर’ म्हणजे दरवेळी रूपक नव्हे! इंग्रजी साहित्यातल्या संज्ञा मराठीतून अशा समजून घ्या

मराठीच्या पेपरात उपमा, रूपक, अनुप्रास पटापट ओळखणारा मुलगा अकरावीत जातो, इंग्रजी कवितेखालचा प्रश्न बघतो आणि अडकतो. प्रश्न ‘फिगर ऑफ स्पीच’ ओळखण्याचा असतो. सिमिली, मेटाफर, अलिटरेशन, ऑक्सिमोरॉन... नावं औषधांच्या दुकानातली वाटावीत अशी. मग गाईडमधली यादी घोकायची, परीक्षेत दोन नावांची अदलाबदल करायची आणि हातातले मार्क घालवायचे, हे ठरलेलं.

खरं तर यातल्या बहुतेक कल्पना त्याला आधीपासूनच येत असतात. कुठलं इंग्रजी नाव कुठल्या मराठी अलंकाराशी जुळतं आणि कुठे जुळत नाही, एवढंच कुणी सांगितलेलं नसतं. चुका होतात त्या न जुळणाऱ्या ठिकाणीच.

आधी सोप्या जोड्या

हायपर्बली म्हणजे साधारणपणे अतिशयोक्ती. पर्सोनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, निर्जीव वस्तू माणसासारखी वागते ती. पन म्हणजे श्लेष, बोलीभाषेत शाब्दिक कोटी. पॅरॅडॉक्स म्हणजे विरोधाभास. हाच विरोध शेजारी ठेवलेल्या दोनच शब्दांत मावला, जसं ‘बोलकं मौन’, तर त्याला इंग्रजीत ऑक्सिमोरॉन म्हणतात.

सिमिली म्हणजे उपमा. मराठीत ‘सारखा’, ‘सम’, ‘परी’ हे शब्द शोधायचे, इंग्रजीत ‘लाइक’ आणि ‘अ‍ॅज’. पण ‘लाइक’ दिसला की सिमिली लिहून मोकळं होणं धोक्याचं. ‘आय लाइक टी’ या वाक्यात कसलीच तुलना नाही. ‘तो वडिलांसारखा दिसतो’ यात तुलना आहे, पण माणसाची माणसाशी, म्हणून तीही सिमिली नाही. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींमधलं साम्य दाखवलं पाहिजे. ‘तो वडासारखा उभा राहिला’ असं म्हटलं तर ती सिमिली.

आणि उच्चार ‘सिमिली’ असाच, ‘सिमाइल’ नाही. तसंच ‘हायपर्बली’, ‘हायपरबोल’ नाही. या दोन्ही शब्दांतला शेवटचा ‘ई’ उच्चारला जातो.

उत्प्रेक्षेचं काय करायचं?

‘डोंगर जणू हिरवी शाल पांघरून बसला आहे.’ मराठीत ‘जणू’ आलं की उत्तर ठरलेलं, उत्प्रेक्षा. इंग्रजीत याच वाक्यात ‘अ‍ॅज इफ’ येईल, पण उत्प्रेक्षा नावाचा वेगळा खण तिथे नाही. शाळा-कॉलेजच्या पातळीवर ‘अ‍ॅज इफ’ची तुलना सिमिलीतच जाते. म्हणजे मराठीतले दोन अलंकार इंग्रजीत एकाच नावाखाली येतात.

मेटाफरच्या बाबतीत याच्या उलट होतं. ‘तिचा आवाज म्हणजे मध’ यात आवाज हे उपमेय आणि मध हे उपमान, दोन्ही हजर आहेत आणि दोन्ही एकच असल्याचं सांगितलं आहे. हे रूपक आणि हाच मेटाफर. आता दुसरं वाक्य बघू. सभेत एखादा नेता आला आणि कुणी म्हणालं, ‘सिंह स्टेजवर आला आणि सगळे चिडीचूप!’ इथे नेत्याचा उल्लेखच नाही, नुसता सिंह आहे. इंग्रजीत हाही मेटाफरच. संस्कृत-मराठी अलंकारशास्त्रात मात्र उपमेय पूर्ण गायब होऊन एकटं उपमान उरलं, की त्याला रूपकातिशयोक्ती म्हणतात आणि ती अतिशयोक्तीच्या घरात मोजली जाते. हे अर्धवट आठवणारा विद्यार्थी इंग्रजीच्या पेपरात ‘हायपर्बली’ लिहून येतो. मराठीच्या हिशेबाने तो फारसा चुकलेला नसतो, पण मार्क जातात.

अनुप्रास कानाने ओळखायचा

अलिटरेशन म्हणजे अनुप्रास, पण इथे इंग्रजी स्पेलिंग फसवतं. देवनागरीत साधारणपणे जे लिहिलं तेच वाचलं जात असल्यामुळे मराठी वाचक डोळ्यांनी अक्षरं शोधतो. इंग्रजीत ‘किंग’ आणि ‘नाइफ’ या दोन्ही शब्दांचं स्पेलिंग ‘के’ने सुरू होतं, पण नाइफमधला ‘के’ मुका आहे. म्हणून तिथे अलिटरेशन नाही. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’ने सुरू होतात, तरी नाही. उलट ‘फोन’ ‘पी’ने आणि ‘फॅन’ ‘एफ’ने सुरू होतो, तरी आवाज एकच, म्हणून अलिटरेशन आहे. ओळ मोठ्याने वाचायची, एवढा एकच उपाय.

राइम, म्हणजे यमक, यालाही हेच लागू. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांचं स्पेलिंग शेवटी सारखं आहे, पण कानाला ते जुळत नाहीत. अशा दिसायला जुळणाऱ्या जोडीला इंग्रजीत ‘आय राइम’ म्हणतात, म्हणजे डोळ्यांचं यमक.

ऑनोमॅटोपीआ हा तोंडात न मावणारा शब्द बघून घाबरायचं कारण नाही. आवाजावरून झालेले शब्द मराठीत ढिगाने आहेत. कडकडाट, खळखळ, किणकिण, सळसळ. फक्त ‘लखलख’ आणि ‘चकचक’ या यादीत घालू नयेत. त्यांची घडण तशीच असली तरी प्रकाशाला आवाज नसतो.

गणिताच्या पुस्तकातले नातेवाईक

या संज्ञा लक्षात ठेवायच्या तर त्यांचं मूळ बघावं, कारण एका मुळाबरोबर चार इंग्रजी शब्द फुकट मिळतात. ‘मेटाफर’चा ग्रीक अर्थ ‘पलीकडे वाहून नेणं’. शब्दाचा अर्थ एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेला जातो, म्हणून हे नाव. आजही ग्रीसमध्ये सामान हलवणाऱ्या ट्रकवर याच मुळाचा शब्द लिहिलेला असतो, आपल्याकडे ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ लिहितात तसा. ‘ट्रान्सफर’ हा लॅटिन शब्दही याच पद्धतीने बनला आहे.

‘ऑक्सिमोरॉन’मधला ‘ऑक्सी’ म्हणजे तीक्ष्ण आणि ‘मोरॉन’ म्हणजे मंद, मूर्ख. नावातच विरोध भरलेला आहे. हाच ‘ऑक्सी’ आंबट-तिखट या अर्थाने ‘ऑक्सिजन’मध्ये आहे, कारण हा वायू आम्ल तयार करतो असा त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांचा समज होता. समज चुकीचा ठरला, नाव मात्र राहिलं.

सायन्सवाल्यांसाठी सगळ्यात सोयीची आहे ती शांकवांची, म्हणजे कॉनिक सेक्शन्सची तिकडी. हायपर्बली आणि गणितातला हायपर्बोला, म्हणजे अपास्त, यांचं मूळ एकच आहे, ‘मर्यादेपलीकडे फेकणं’. पॅरेबल म्हणजे बोधकथा आणि पॅराबोला म्हणजे अन्वस्त, दोन्हींच्या मुळाशी ‘शेजारी ठेवणं, तुलना करणं’. वाक्यात काही गाळून तीन टिंबं देतात तो इलिप्सिस आणि लंबवर्तुळ म्हणजे इलिप्स, दोन्ही ‘कमी पडणं’ या अर्थाच्या शब्दातून आले आहेत. जास्त, सारखं, कमी. अलंकारही लक्षात राहतात आणि शांकवही.

‘व्हर्स’ म्हणजे पद्य, हा शब्द तर नांगराशी जोडलेला आहे. त्याचं लॅटिन मूळ ‘वळणं’ या अर्थाचं. नांगर शेताच्या टोकाला जाऊन वळतो आणि नवं तास धरतो, तशी पद्याची ओळ संपून पुढची सुरू होते. ‘प्रोज’ म्हणजे गद्य, ते सरळ पुढे जातं. कडव्याला ‘स्टँझा’ म्हणतात, आणि इटालियनमध्ये स्टँझा म्हणजे खोली. ‘सॉनेट’ही इटालियनमधून आलेलं, चौदा ओळींचं. केशवसुतांनी हा प्रकार मराठीत आणला आणि पुढे त्याला ‘सुनीत’ हे नाव रूढ झालं.

आयरनी: सोशल मीडियावरचा सगळ्यात जास्त चुकणारा शब्द

लग्नाच्या दिवशी पाऊस आला, ‘व्हॉट अ‍ॅन आयरनी!’ असं स्टेटस पडतं. पाऊस येणं हे फार तर दुर्दैव. अग्निशमन केंद्रालाच आग लागली तर ती आयरनी, कारण अपेक्षा आणि घडलेलं एकमेकांच्या बरोबर उलट आहे. हा झाला सिच्युएशनल प्रकार.

शब्द एक आणि अर्थ उलटा, तर ती व्हर्बल आयरनी. तीन तास उशिरा आलेल्या मित्राला ‘वेळेचा पक्का आहेस हं!’ म्हणणं. आपला उपरोध याच्या जवळ जातो, आणि स्तुतीच्या आडून निंदा करणारी व्याजस्तुतीसुद्धा. व्याजोक्ती मात्र नावाने जवळची वाटली तरी वेगळी, तिच्यात खरं कारण लपवून दुसरंच सांगितलेलं असतं. तिसरी ड्रॅमॅटिक आयरनी. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ज्युलिएट औषधाने गाढ झोपली आहे हे प्रेक्षकांना माहीत असतं, रोमिओला नसतं. तो तिला मेलेली समजून विष घेतो.

आयरनी बोचकारायला वापरली की सार्कझम. या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थच ‘मांस ओरबाडणं’. आणि समाजातल्या एखाद्या दोषावर हल्ला करण्यासाठी अख्खं लेखन असं केलं की सटायर. जोनाथन स्विफ्टने १७२९ साली ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ लिहिलं. आयर्लंडमधल्या गरिबांनी आपली मुलं श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, असा प्रस्ताव त्यात अगदी गंभीर चेहऱ्याने, आकडेमोडीसह मांडला आहे. स्विफ्टचा राग होता तो गरिबांकडे दुर्लक्ष करणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर आणि जमीनदारांवर. त्यातला एखादाच परिच्छेद कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला, तर स्विफ्टच्या नावाने शिव्यांचा पाऊस पडेल.

पेपरात लिहिताना

नुसतं नाव लिहून थांबू नये. कशाची तुलना कशाशी झाली, कुठला आवाज परत आला, कुठली वस्तू माणसासारखी वागली, हे त्या ओळीतले शब्द घेऊन एका वाक्यात लिहावं. एका ओळीत दोन अलंकारही असू शकतात. ‘अरे पावसा, किती वाट बघायला लावशील?’ यात पावसाला माणूस केलं म्हणून पर्सोनिफिकेशन, आणि जो उत्तर देऊ शकत नाही त्याला थेट हाक मारली म्हणून अपॉस्ट्रफी. स्पेलिंगमध्ये अक्षराच्या डोक्यावर जे स्वल्पविरामासारखं चिन्ह येतं, त्याचं नावही अपॉस्ट्रफीच. शब्द एकच, कामं दोन, आणि कवितेखालच्या प्रश्नात विचारलेली असते ती हाक.