जट येते, जटा राखतात

त्र्यंबकेश्वरहून ब्रह्मगिरी चढून गेले की माथ्यावर एक लहानसे देऊळ लागते. लोक त्याला जटामंदिर म्हणतात. शंकराने इथल्या खडकावर जटा आपटल्या आणि गोदावरी मोकळी झाली, अशी कथा आहे. सिंहस्थात शैव आखाड्यांचे साधू त्र्यंबकलाच स्नानाला येतात, त्यामुळे नाशिककराला जटेचे अप्रूप नसते. मला कुतूहल वाटू लागले ते आपल्या क्रियापदांचे. साधू जटा राखतो, वाढवतो. बाईला मात्र जट 'येते'. एकाचे ते व्रत, दुसरीला आलेली आज्ञा.

वाल्मीकींच्या अयोध्याकांडात जटेचा उल्लेख कमालीचा व्यवहारी आहे. गंगा ओलांडण्यापूर्वी राम गुहाकडून वडाचा चीक मागवतो आणि त्याने स्वतःच्या व लक्ष्मणाच्या जटा वळतो. पाच वडांची म्हणून जी पंचवटी आपण दाखवतो, तिथे हे दोघे भाऊ पोचले ते वडाच्याच चिकाने वळलेल्या केसांनिशी! जटा करावी लागते, हे रामायणाला ठाऊक होते.

चीक न लावताही ती होते, त्याचे कारण केसाच्या घडणीत आहे. केस म्हणजे मुख्यतः केराटिन हे प्रथिन. 1930 च्या दशकात लीड्स या लोकरीच्या गावात विल्यम ॲस्टबरी यांनी लोकर आणि केसांची क्ष-किरण चित्रे काढली. ओला केस ताणला की आतली रचना बदलते, हे त्यांना दिसले. त्या रचनेचा मळसूत्री आकार लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये मांडला. केराटिनची दोन वेगळ्या जातींची सूत्रे एकमेकांभोवती पिळून दोर होतो. एका जातीची जनुके मुख्यतः 17 व्या गुणसूत्रावर, दुसरीची 12 व्या. माणसात अशी 54 जनुके आहेत, त्यांतली थोडीच केसाच्या कामी येतात. हे दोर गंधकाच्या बंधांनी जखडलेले असतात. केस जळल्यावर येणारा उग्र वास त्या गंधकाचाच. या जनुकांतल्या काहींत बिघाड झाला तर केस मण्यांच्या माळेसारखा होऊन तुटतो. पण जट आणणारे जनुक काही नाही.

जट घडते ती बाहेरच्या थरात. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांची तोंडे टोकाकडे. वर स्निग्धाचा अगदी पातळ लेप. हा लेप गेला, खवले उचकटले, की केस केसात अडकतो आणि एकाच दिशेने सरकत घट्ट होत जातो. काश्मिरी नमदा याच न्यायाने होतो. तिथे लोकर, इथे डोके. रोज पन्नास ते शंभर केस गळतात, तेही विंचरले नाहीत तर त्याच गुंत्यात राहतात. म्हणून जट 'वाढते'. केस मृत असतो, जिवंत भाग त्वचेखालच्या मुळाशी. कापताना दुखत नाही ते यामुळे.

ही भीती केवळ आपली आहे असे मानायचे कारण नाही. पोलंडमध्ये अशा गुंत्याला कोवतुन म्हणत आणि युरोपातल्या वैद्यांनी त्याला 'प्लिका पोलोनिका' असे भारदस्त लॅटिन नाव दिले होते. शरीरातला आजार केसांवाटे बाहेर पडतो आहे, कापला तर आंधळेपण नाहीतर वेड येईल, अशी तिथली समजूत. लॅटिन नावामुळे समजुतीला रोगाची प्रतिष्ठा मिळाली, हे मला यातले सर्वात बोलके वाटते. 19 व्या शतकाच्या मध्यात युझेफ दिएत्ल या डॉक्टरने हा स्वतंत्र रोग नसून अस्वच्छता आणि अंधश्रद्धा आहे, असे ठामपणे मांडले. पुढे हाच दिएत्ल क्राकोचा महापौर झाला.

आपल्याकडे मात्र भीतीपाशी गोष्ट थांबली नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात मुलीच्या डोक्यात जट दिसली की यल्लमाचे बोलावणे आले, असा अर्थ लावला जाई आणि तिला देवीला सोडले जाई. तेल, पाणी, कंगवा यांची चणचण असलेल्या घरांतच देवीची नजर वारंवार का जावी, हे विचारणारे थोडे होते. देवदासी प्रथेवर कायद्याने बंदी आली, तरी जट बाईच्या डोक्यावर राहिलीच. मानेला ओढ, उवा, कुशीवर झोपता न येणे, आणि वर कोणी पाया पडते म्हणून तक्रारीचीही सोय नाही.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक वर्षे जटा काढत आहेत. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. कात्री चालवायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो बाईला, नवऱ्याला, सासूला राजी करायला. आणि एखाद्या घरी जट कापून झाल्यावर पुन्हा जाऊन, कोणाला काही झाले नाही ना, हे पाहायला. तोवर कापलेल्या जागी महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने केस आलेले असतात. त्यांना तेल लावायचे, विंचरायचे.