हाताच्या इशाऱ्यावर चालणारी मानवरहित वाहने

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात साखर कारखान्याच्या आवारात ट्रॉली मागे घेताना खाली उभा असलेला माणूस हात हलवतो आणि ट्रॅक्टरचालक त्याप्रमाणे चाक वळवतो. चालकाच्या जागी यंत्र आले आणि इशारा डोळ्यांऐवजी हातावर बांधलेल्या संवेदकाने टिपला, की हातवाऱ्यांनी चालणारे मानवरहित वाहन तयार होते.

त्याचे सर्वांत साधे रूप अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. हातमोज्यावर अ‍ॅक्सिलरोमीटरची चिप बसवली जाते. ही चिप गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून हात किती व कोणीकडे कलला आहे हे मोजते आणि रेडिओ लहरींवरून गाडीतील मोटारींना आज्ञा जाते. हात पुढे झुकवला की गाडी पुढे, डावीकडे कलवला की डावीकडे. मात्र हात झटक्याने हलला तरी ही चिप फसते. म्हणून जोडीला फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप देतात.

दुसरी पद्धत स्नायूंचे ऐकते. स्नायू आखडताना अत्यंत क्षीण विद्युतसंकेत निर्माण होतात आणि ते त्वचेवरून टिपता येतात. कॅनडातील थाल्मिक लॅब्ज कंपनीने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या 'मायो' या दंडपट्टीत असे ८ संवेदक होते. या पट्टीने ड्रोन उडवण्याची प्रात्यक्षिके गाजली, पण ग्राहक पुरेसे मिळाले नाहीत आणि २०१८ मध्ये तिची विक्री थांबली.

अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दंड व मनगटापर्यंतच्या हातावर संवेदक लावून ड्रोन चालवला. मूठ आवळली की पुढे, मूठ फिरवली की वळण, दंड ताठ केला की थांबा. दीड हजारांहून अधिक हातवाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के यंत्रणेने बरोबर ओळखले. प्रयोगशाळेत हा आकडा कौतुकाचा. माणसांच्या डोक्यावरून उडणाऱ्या यंत्रासाठी मात्र तो अपुराच म्हणावा लागेल.

सांगलीकरांना यातील धोका सहज उमजेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी बोटीतील जवानाने हातवाऱ्यांनी ड्रोन पुढे पाठवून छतावर अडकलेली माणसे शोधावीत, ही कल्पना आकर्षक खरी. पण दोर ओढतानाही मूठ आवळली जाते, वल्हे मारतानाही दंड ताठ होतो. कोणती मूठ दोरासाठी आणि कोणती ड्रोनसाठी, हे यंत्राला कळले पाहिजे. त्यात ओल्या किंवा घामेजल्या त्वचेवर संवेदक सरकतो. म्हणूनच अशा यंत्रणेत आज्ञा सुरू करण्याची वेगळी खूण आणि संपर्क तुटताच ड्रोन आपोआप परतण्याची सोय असावी लागते.

उसावरील फवारणीत हातवाऱ्यांचा उपयोग मर्यादित आहे. पुरुषभर उंचीच्या फडावर ड्रोन आधी आखून दिलेल्या उपग्रहाधारित मार्गानेच अधिक अचूक फिरतो. आणि नियंत्रण हाताने असो वा रिमोटने, ड्रोन नियम २०२१ नुसार फवारणीचे ड्रोन उडवणाऱ्याकडे दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागते. २५० ग्रॅमपर्यंतच्या 'नॅनो' ड्रोनला आणि व्यावसायिक वापर नसलेल्या २ किलोपर्यंतच्या 'मायक्रो' ड्रोनला ही अट नाही.