शिरस्त्राणाचा कायदा आणि स्वारांची चळवळ

डोक्यावर काय घालावे या प्रश्नावरून आपल्याकडे थोडे वाद झालेले नाहीत. पगडी गेली, पागोटे गेले, टोपी आली आणि तीही गेली. प्रत्येक वेळी कोणी हळहळले, कोणी हसले. परंतु हे सारे वाद माजघरात आणि ओट्यावर झाले. त्यांत सरकारने दंडाची पावती फाडली नाही. आज आम्ही ज्या इतिहासाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो त्यात सरकार आहे, दंड आहे, तुरुंग आहे आणि एका वृद्ध शिक्षकाचा मृत्यूही आहे. विषय मोटारसायकलस्वारांच्या हक्कांचा आणि त्यासाठी त्यांनी कायदेमंडळांशी घातलेल्या वादाचा. या मंडपातील पुष्कळ मंडळी दुचाकीवरूनच आलेली असणार, तेव्हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कथा मात्र बरीचशी इंग्लंडातली आहे.

अरबांच्या बंडातील कामगिरीमुळे जगप्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यात आपल्या घराजवळून मोटारसायकलवर चालला होता. समोर आलेल्या दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना तो रस्त्यावर फेकला गेला, त्याच्या डोक्याला जबर मार बसला, आणि सहा दिवसांनी त्याचा अंत झाला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढे महायुद्ध पेटले. काळोख पाळलेल्या रस्त्यांवरून लष्कराचे निरोपे मोटारसायकली पिटाळू लागले आणि केर्न्स यांच्यासमोर फुटलेल्या डोक्यांची रांग लागली. १९४१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत मोटारसायकलवरील २२७९ माणसे, स्वार आणि मागे बसलेले मिळून, मेल्याची नोंद आहे. शिरस्त्राण घातलेल्या जखमींची उदाहरणे त्यांना अवघी सात मिळाली होती. पण त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लष्कराने आपल्या स्वारांवर शिरस्त्राणाची सक्ती केली.

शिपायाला हुकूम सोडला की काम भागते. नागरिकासाठी कायदा करावा लागतो, आणि कायदा करायचा म्हणजे तो का करायचा हे सांगावे लागते. या एका कारणाने इंग्लंडात मधली बत्तीस वर्षे गेली. १ जून १९७३ पासून तेथे प्रत्येक मोटारसायकलस्वारावर शिरस्त्राणाची सक्ती झाली. त्यापूर्वीही पुष्कळ स्वार ते आपखुषीने घालत असत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वाद शिरस्त्राणाचा नव्हता, सक्तीचा होता. पार्लमेंटात या नियमाला विरोध करणाऱ्यांत ईनॉक पॉवेल होते. माणसाच्या मूर्खपणाने काही जीव जातात हे खरे, परंतु कायदा करण्याच्या सत्तेचा सभागृहाने दुरुपयोग करणे हे त्याहून घातक, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ह्याच पॉवेलसाहेबांनी १९६८ सालच्या आपल्या कुप्रसिद्ध भाषणात शिखांच्या चालीरीतींच्या आग्रहावर टीका करणारे एका मजूरपक्षीय मंत्र्याचे वाक्य पसंतीने वाचून दाखवले होते. शिरस्त्राणाच्या कायद्याला पहिले खिंडार पुढे शिखांनीच पाडावे, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा!

कायदा झाला त्याच साली ‘मोटरसायकल ॲक्शन ग्रुप’ ही स्वारांची संघटना निघाली. संक्षेपाने तिला ‘मॅग’ म्हणतात. चळवळीला नाव मिळाले तरी चेहरा लागतो. तो फ्रेड हिल या निवृत्त शिक्षकाने दिला. हा गृहस्थ डोक्यावर साधी कापडी बेरेट टोपी घालून मोटारसायकल चालवीत असे. पोलिसांनी अडवावे, न्यायाधीशाने दंड करावा, याने तो भरण्यास नकार द्यावा आणि तुरुंगात जावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. तिसांहून अधिक वेळा त्याने कारावास पत्करला. १९८४ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, अशीच एक शिक्षा भोगत असता हृदयविकाराने त्याचे निधन झाले. इंग्लंडातले स्वार अजूनही दर फेब्रुवारीत त्याच्या स्मरणार्थ फेरी काढतात. सविनय कायदेभंग ज्या देशात जन्माने परिचयाचा आहे, त्या देशातील माणसाला या हट्टी म्हाताऱ्याविषयी आदर वाटल्यावाचून राहणार नाही. तथापि त्याच्या तपाने कायद्याचे एक अक्षरही हलले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

अक्षर हलवले ते शिखांनी. केशधारी शिखाला पगडी उतरवून शिरस्त्राण घालता येत नाही, आणि पगडीवर ते बसत नाही. मँचेस्टरचे ग्यानी सुंदरसिंग सागर यांनी या प्रश्नावर पुन्हा पुन्हा दंड ओढवून घेतले. हे तेच गृहस्थ, की ज्यांनी त्या शहराच्या बसखात्यात पगडी घालून नोकरी करता यावी म्हणून १९५९ पासून सात वर्षे झगडा दिला होता. न्यायालयांत मात्र शिखांच्या पदरी निराशा आली. मोटारसायकल चालवलीच पाहिजे असे कायदा कोणास सांगत नाही, ज्याचा धर्म आड येतो त्याने ती चालवू नये, हे न्यायालयाचे उत्तर कायद्याच्या दृष्टीने बिनतोड होते. आमच्या मते ते काहीसे कोरडेही होते. मग गाऱ्हाणे पार्लमेंटात गेले. साउथॉलचे मजूरपक्षीय सभासद सिडनी बिडवेल यांनी खासगी विधेयक आणले. दोन्ही महायुद्धांत शीख पलटणी पगडी बांधूनच तोफांच्या तोंडी गेल्या होत्या, याची आठवण सभागृहाला करून देण्यात आली. १९७६ च्या नोव्हेंबरात कायदा मंजूर झाला: पगडी घातलेल्या शिखास शिरस्त्राणाची सक्ती लागू नाही. पुढे १९८९ साली बांधकामावरील टोपांच्या बाबतीतही हीच सवलत मिळाली.

एकाला सूट आणि दुसऱ्याला तुरुंग, हा न्याय कसला, असा सवाल हिलच्या अनुयायांनी केला. सवाल गैर नव्हता. परंतु दोन्ही पक्षांच्या मागण्या शेजारी ठेवून पाहाव्यात. एकाने म्हटले, माझे डोके माझे आहे, कायदाच रद्द करा. दुसऱ्याने म्हटले, कायदा राहू द्या, एवढ्या एका ठिकाणी तो आम्हांला धर्म सोडायला लावतो, तेवढे दुरुस्त करा. साउथॉलमध्ये शीख मतदार भरपूर होते, हेही विसरता येत नाही. पण नेमके मागणाऱ्याला कायदेमंडळात कान मिळतो, हे खरे कारण आम्हांला वाटते.

अमेरिकेत याच काळात उलटा डाव पडला. तेथे १९६६ च्या कायद्याने मध्यवर्ती सरकारने राज्यांना सुनावले, की शिरस्त्राणाची सक्ती करा, नाहीतर रस्त्यांचा पैसा कापू. दहा वर्षांत बहुतेक साऱ्या राज्यांनी मान तुकवली. कॅलिफोर्निया तेवढे अडून राहिले. स्वारांच्या संघटनांनी वादाचा रोखच बदलला: डोके कोणाचे हे बाजूला ठेवून, राज्यांना धमकावणारी दिल्ली कोण (म्हणजे अर्थात् वॉशिंग्टन कोण), हा प्रश्न त्यांनी पुढे केला. १९७६ साली काँग्रेसने ती धमकी काढून घेतली आणि राज्यामागून राज्य कायदे सैल करीत गेले. यश मोठे होते, पण ज्या राज्यांनी सक्ती उठवली तेथे स्वारांचे मृत्यू वाढले, हेही संशोधकांनी वारंवार दाखवून दिले आहे. स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्याने हा आकडा झाकू नये.

इंग्लंडातील मॅग हरली, पण मोडली नाही, आणि येथून पुढचा तिचा इतिहास अधिक शहाणपणाचा आहे. मोटारसायकलींना पायांच्या रक्षणासाठी कवचे बसवावीत अशी सूचना १९८० नंतरच्या दशकात तेथील सरकारी संशोधकांनी पुढे आणली. स्वारांनी या वेळी स्वातंत्र्याचा घोष केला नाही. पाय वाचेल, पण आघाताचा जोर मांडीकडे आणि डोक्याकडे जाईल त्याचे काय, असा तांत्रिक प्रश्न त्यांनी विचारला. ती सक्ती आलीच नाही. पुढे युरोपीय आयोगाने इंजिनाच्या ताकदीला सुमारे शंभर अश्वशक्तीची मर्यादा घालण्याचे मनात आणले. तेव्हा निरनिराळ्या देशांतील संघटना एकत्र झाल्या, आणि जास्त ताकदीने जास्त अपघात होतात याचा पुरावा कोठे आहे, असे त्यांनी आयोगाला विचारले. १९९५ साली सर्वांवर बंधन घालण्याचा बेत सुटला. ज्या देशाला मर्यादा हवी त्याने ती ठेवावी, एवढेच उरले. फ्रान्सने ती २०१६ पर्यंत ठेवली.

आता घराकडे वळू. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम शिरस्त्राणाची सक्ती करते, आणि त्याच कलमात पगडीधारी शिखाला सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजार रुपयांवर नेला आणि तीन महिने परवाना रद्द ठेवण्याची तरतूद केली. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी कडक अंमल सुरू केला, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीने रस्त्यावर येऊन निषेध केला. पुणेकरांच्या या बाण्याचे उर्वरित महाराष्ट्राने पुष्कळ कौतुक केले आणि त्याहून पुष्कळ थट्टा केली. थट्टेत आम्ही सामील होत नाही. सक्ती करणाऱ्याला ‘का’ म्हणून विचारण्याचा हक्क नागरिकाला आहेच. परंतु केर्न्स यांनी ‘का’ याचे उत्तर १९४१ सालीच देऊन ठेवले आहे, आणि आपल्याकडचे आकडे त्याहून भयंकर आहेत. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर ७४,८९७ दुचाकीवाले मेले. हेल्मेट न घातल्यामुळे मेलेल्यांची सरकारी नोंद ५०,०२९ आहे.

उरतात ते जवळजवळ पंचवीस हजार. त्यांच्या वतीने भांडण्यासारखे पुष्कळ आहे. एक लहानसे उदाहरण घ्या. रस्त्यावरील गतिरोधक कसा असावा याचे मान भारतीय रस्ते महासभेने १९८८ सालीच ठरवून दिले आहे: उंची दहा सेंटिमीटर, रुंदी तीन मीटर सत्तर सेंटिमीटर, वर उतरता गोलावा, आणि आधी सूचना देणारी पाटी. आपल्या गल्लीच्या तोंडाशी रातोरात उगवलेला उंचवटा मोजायला वकील लागत नाही. शिंप्याची टेप पुरते.