मनोरा नागपूरचा, आवाज कोणाचा?



इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. आमचा आजचा विषय त्या मानाने अलीकडचा आणि अगदी घरातला आहे. कौलांवर बांबू उभारून त्यास ॲल्युमिनियमच्या काड्यांचा सांगाडा बांधलेला आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एकाने वर चढून तो नागपूरच्या दिशेने फिरवावयाचा आणि दुसऱ्याने खालून ओरडावयाचे, "आलं, आलं... गेलं!" त्या सांगाड्याचे तोंड नागपूरकडे होते. परंतु तेथून येणारा आवाज नागपूरचा होता काय?

प्रथम घटनाक्रम पाहू. नागपुरास आकाशवाणीचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. दूरचित्रवाणी मात्र उशिरा आली. दिल्लीत तिचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला. मुंबईस केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुणेकरांस मुंबईचे कार्यक्रम घरबसल्या दिसू लागले. सरकारी भाषेत यास सहक्षेपण म्हणतात. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम झेलावयाचा आणि जसाच्या तसा पुढे फेकावयाचा, एवढाच त्याचा अर्थ.

१९७५-७६ साली अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांसाठी एक वर्षाचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. आमच्या शेजारचा रायपूरकडील मुलूख होता. पुढे ३० ऑगस्ट १९८३ रोजी आपला इन्सॅट-१बी अवकाशात गेला. सहा राज्यांतील खेड्यांसाठी त्यांच्याच भाषेत कार्यक्रम करावयाचे ठरले आणि महाराष्ट्राच्या वाट्याचे निर्मितिकेंद्र नागपुरास आले. खेड्याने पाहावे आणि खेड्यासाठी बनावे, हा त्यामागील हेतू होता, हे आपण विसरू नये.

परंतु त्याच काळात दुसरा प्रवाह अधिक जोराने वाहत होता. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर एकाच वेळी दिसू लागला. १९८४ साली तर काही महिने सरासरी दररोज एक प्रक्षेपक उभा राहिला. यांतील बहुतेक लहान, शंभर वॅट शक्तीचे. तेथे ना कलागृह, ना कॅमेरा. मनोरे वाढले, पण बोलणारी तोंडे वाढली नाहीत.

अमेरिकेत गावोगावची केंद्रे मोठ्या जाळ्याशी कराराने जोडलेली असतात. करमणुकीचा मोठा भाग ती जाळ्याकडून घेतात, पण गावच्या बातम्या स्वतः करतात. तो मालक धर्मात्मा असतो असे नव्हे. त्याचा एक डोळा जाहिरातीवर असतोच. तरीही गावासाठी एक खुर्ची तेथे राखून ठेवलेली असते. आपल्याकडे केंद्र म्हणजे वरिष्ठ कार्यालयाची शाखा. दिल्लीचे वेळापत्रक आधी, मुंबईचे त्यानंतर, आणि उरलेल्या वेळात आपले.

२५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' मालिका सुरू झाली तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. रविवारी सकाळी आंधळगावात कोशाचे माग थांबत. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर पाय ठेवावयास जागा नसे. विडी कामगारांची सभा रविवारी सकाळी भरत असे. ती मुकाट्याने दुपारी ढकलली गेली. आम्ही अयोध्या पाहिली, लंका पाहिली. त्याच पडद्यावर कोशाच्या लुगड्याचा भाव, विड्यांची छाट आणि हजारी मजुरी यांची चर्चा कधी होऊ शकेल, हे आमच्या मनातही आले नाही. पुढे संघटनेत पडल्यावर आम्ही मजुरीसाठी निवेदने शेकड्यांनी लिहिली. आपल्या आवाजासाठी एकही लिहिले नाही. हा दोष आम्ही दुसऱ्याच्या माथी मारू इच्छीत नाही.

कारण असे होऊ शकत होते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीज गावी १९७५ साली एक किलोवॅटचा प्रक्षेपक बसविण्यात आला. अहमदाबादच्या अवकाश केंद्रातील मंडळी कॅमेरा घेऊन वस्त्यांवर गेली. शेतमजुरांची मजुरी आणि अस्पृश्यता हे विषय त्याच जिल्ह्यातील माणसांच्या तोंडून पडद्यावर आले. १९८४ साली युनेस्कोने या कार्याचा गौरव केला. पुढे हा उपक्रम बंद पडला. म्हणजे यंत्र होते, माणसे होती. टिकाऊ हक्क तेवढा नव्हता.

प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि १९९७ साली अमलात आला. २०२२च्या सुमारास जुने प्रक्षेपक बहुतेक सर्वत्र बंद झाले. कौलांवरचे सांगाडे त्यापूर्वीच भंगारात गेले होते. आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे आणि कॅमेराही आहे. म्हणून प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. आपण काय पाहावे हे आता दिल्लीऐवजी आणखी दूरवरून ठरते.

मागामागे बसणाऱ्यास ठाऊक आहे की धागा कोठूनही येवो, काठ आपल्या हाताने विणावा लागतो. नागपूरच्या केंद्राकडे भंडारा जिल्ह्याने आपला ठराविक वेळ मागितला पाहिजे. विणकर, विडीवाली आणि खाणकामगार यांनी तेथे स्वतः बोलले पाहिजे. हे निवेदन आम्ही लिहिणार आहोत. आपल्या सह्या त्यावर असाव्यात, एवढीच विनंती.