हरवलेल्या आप्तांच्या हाका

१८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. दहा लाखांहून अधिक परागंदा झाली. अमेरिकेत ती रेल्वेवर, गोद्यांत राबली.

त्यांच्या वंशजांनी आज मूळ गाव शोधू म्हटले, तर वाट बिकट आहे. १९२२ च्या यादवीत डब्लिनचा दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ ते १८९१ चे तर सरकारनेच आधी नष्ट केले होते.

मग गरिबाचा माग कोठे लागावा? बोस्टनच्या 'पायलट' साप्ताहिकात १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती येत. बायको नवऱ्याला शोधी, बहीण भावाला. गाव, जहाज, शेवटचे काम अशा खुणा त्यांत दिलेल्या असत. दप्तर जळाले, या हाका उरल्या.

आम्ही कामगारांच्या हजेरीवह्या चाळण्यात उमर घालवली. तेथे नाव, दिवस व मजुरी असते. मागे कोण वाट पाहते, हे नसते. म्हणून घरातली जुनी पत्रे आणि मनिऑर्डरीच्या पावत्या रद्दीत घालू नका. श्रमिकाचा इतिहास बहुधा तेवढाच उरतो.